दादाच्या गोळ्या, बेबीच्या गोळ्या

कराडात एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला माझं औषधाचं दुकान आहे, 1988 पासून. इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की चिठ्ठी उघडायच्या आधीच समोरचा काय मागणार ते बऱ्यापैकी कळतं. रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रमाच्या मनाच्या आजारावरच्या गोळ्या. त्यांची चिठ्ठी माणसं चार घड्या घालून आणतात. गर्दी ओसरेपर्यंत टूथपेस्टी न्याहाळत उभी राहतात. मग हळूच म्हणतात, "त्या झोपेच्या गोळ्या होत्या बघा, डोक्याच्या."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. गोळ्या पुरुषाच्या असल्या की न्यायला बाई येते. आई, बायको, नाहीतर बहीण. गोळ्या बाईच्या असल्या की म्हातारा बाप येतो. नवरे येत नाहीत असं नाही, पण मोजायला एका हाताची बोटं पुरतात. बाप गेला की भाऊ येतो. आमच्या घरी तो भाऊ मी.

गेल्या महिन्यात एक ओळखीचे मास्तर आले होते. पंचविशीतली मुलगी, नुकतंच स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं. मास्तरांनी मोबाईलवर काहीबाही वाचलं होतं. म्हणाले, "बायकांत हा आजार उशिरा येतो आणि सौम्य असतो म्हणे. तेवढंच बरं." मी हो म्हटलं, सुटे पैसे परत दिले. खोटं बोललो नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय. पण रात्री शटर ओढून घरी आलो तर दादा ओट्यावर बिडी ओढत बसला होता आणि बेबी आत भाकऱ्या थापत होती, आणि मास्तरांना अर्धंच सांगितलं असं वाटत राहिलं. उरलेलं अर्धं इथं लिहितोय.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. 1980 साली आजारी पडला तेव्हा वीस वर्षांचा होता, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. रेडिओवर बातम्या देणारा आपल्या मनातलं वाचून दाखवतो म्हणून त्यानं ट्रान्झिस्टर हौदात बुडवला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आधी दोन थोबाडीत दिल्या, मग मिरजेला डॉक्टरकडे नेलं. क्लोरप्रोमाझिन, ट्रायफ्लुओपेराझिन, शॉक, तेव्हा जे होतं ते सगळं झालं. सहा महिन्यांत आवाज बसले. पण दादा परत आला नाही. प्रीतिसंगमावर ज्या पोरांबरोबर रोज पोहायला जायचा ती घरी आली तर हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. आंघोळ सांगितल्याशिवाय नाही, जेवण वाढल्याशिवाय नाही. डॉक्टरांच्या भाषेत ही निगेटिव्ह लक्षणं. आवाज ऐकू येणं म्हणजे नसलेलं काहीतरी येतं, इथं असलेलं निघून जातं. पुरुषांत हा प्रकार बायकांपेक्षा जास्त दिसतो, आणि आपल्या गोळ्यांचा त्याच्यावर फारसा इलाज चालत नाही. मी विकतो म्हणून काही मी त्यांची बाजू घेणार नाही.

पण गल्लीत दादाबद्दल कोणी वाईट बोललं नाही. "हुशार पोरगं, अभ्यासाचं डोक्यात गेलं." कारण कसं, मानाचं. आई पुढची तीस वर्षं रोज सकाळी बंबातलं पाणी काढून त्याच्यासाठी बादली भरून ठेवायची आणि न्हाणीच्या दाराशी उभी राहून "साबण लाव रं" म्हणायची. त्याच्या नशिबात संसार नव्हता, एवढंच सगळे म्हणायचे.

बेबी आमच्यात धाकटी, 1968ची. खरं नाव वेगळं आहे, पण तिला त्या नावानं फक्त डॉक्टर आणि वकील हाक मारतात. 1991 साली तिचं लग्न झालं, इचलकरंजीत दिलं. घरचे चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. बैठकीच्या आदल्या दिवशी आबांनी दादाला मामाकडे विट्याला धाडलं. पाहुण्यांनी विचारलं, थोरला कुठं आहे? आबा म्हणाले, त्याला दमा आहे, हवा सोसत नाही. मी तिथंच सतरंजीवर बसलो होतो, हातात पोह्यांची बशी. डी. फार्म. झालेला, सत्तावीस वर्षांचा. काही बोललो नाही.

1994ला मुलगा झाला. 1996च्या पावसाळ्यात बेबीला लूमच्या खटखटीतून आपलं नाव ऐकू येऊ लागलं. आधी नुसतं नाव, मग नावापुढं शिव्या. मग कांड्या भरणाऱ्या बायका आपल्या चारित्र्यावर बोलतात, सासू त्यांना पैसे देते. रात्री पाळी बंद असली तरी तिला लूम ऐकू यायचे. दादा गप्प झाला होता, ही बोलू लागली. रडायची, भांडायची, हसायची, पोराला उराशी धरून मागच्या दारानं निघायची. तिच्या आजारात भावना आटल्या नाहीत, उतू गेल्या. बायकांत हेही जास्त दिसतं, आणि म्हणून निदान चुकतं. तिला पहिलं वर्षभर "बाळंतवाताचं", "नाटकं", "बाहेरचं" अशी तीन निदानं मिळाली. देवरुषानं लिंबं उतरवली, अमावास्या सांगितल्या. दादाला कधी कोणी देवरुषाकडे नेलं नव्हतं. दादाच्या डोक्यात अभ्यास गेला होता, बेबीच्या अंगात कोणीतरी आलं होतं.

1997च्या जानेवारीत सासरचे तिला एसटीनं आणून सोडून गेले. पोरगा तिकडेच ठेवला. अडीच वर्षांचा होता. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आता लिहिलंय की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून 3 वर्षांच्या आतलं मूल सहसा वेगळं करायचं नाही. मूल घरीच काढून घेतलं तर काय, ते त्यात नाही.

आता मास्तरांच्या त्या "उशिरा"वर येतो. जर्मनीत मानहाइमला हाइन्झ हाफनर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना बसवून, पहिली खूण कधी दिसली, पहिला भास कधी झाला, असं मागं मागं जात सगळं विचारलं. कुठल्याही टप्प्यावर मोजा, बायका पुरुषांपेक्षा सरासरी तीन-चार वर्षं मागं. पुरुषांचं वय कागदावर मांडलं तर विशीच्या आसपास एकच उंच टेकाड दिसतं. बायकांचं टेकाड पसरट, तिशीकडे सरकलेलं, आणि पंचेचाळिशीनंतर पुन्हा एक लहान उंचवटा. कयास असा की इस्ट्रोजेन हे पाळीचं हार्मोन मेंदूतल्या डोपामीन या रसायनाचा जोर आवरून धरतं. पाळी थांबायच्या वयात ते ओसरतं, म्हणून तो दुसरा उंचवटा. घराण्यातच आजार असेल तर बायकांची ही सवलत कमी होते, असंही त्यांच्या गटाला दिसलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेतल्या एका अभ्यासात तर असा फरक आढळलाच नाही. म्हणजे हा काही सृष्टीचा नियम नव्हे. आमच्या घरात मात्र फरक पडला, विसाव्याला एक आणि अठ्ठाविसाव्याला एक.

या आजारानं बेबीला दादापेक्षा आठ वर्षं जास्त दिली. त्या आठ वर्षांत आम्ही तिचं लग्न लावलं.

दादाचं कोणाशी ठरलेलं काही मोडलं नाही, कारण ठरायच्या आधीच सगळं संपलं होतं. बेबीचं घर होतं, चोवीस लूम होते, पोर होतं, वरच्या खुंटीवर तिच्या हातची विणलेली पिशवी होती. पुस्तकात लिहितात की उशिरा सुरुवात झाली तर शिक्षण, लग्न, ओळखीपाळखी पदरात पडलेल्या असतात म्हणून पुढची वाट सोपी जाते. पदरात पडलेलं आपल्याकडे कोण किती सहज काढून घेतं, ते लिहायला पुस्तकवाला इचलकरंजीला यायला पाहिजे.

तिकडून वकिलाची नोटीस आली. 1955च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 13, शिवाय "लग्नाआधीपासूनचा आजार लपवून फसवणूक केली." आमचे वकील जुने आणि शांत. म्हणाले, नुसतं स्किझोफ्रेनिया हे नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1988 साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सांगितलंय की आजार इतका पाहिजे की जोडीदारानं बरोबर राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. आम्ही तसं उत्तर धाडलं. तिकडून पुन्हा काही आलं नाही. दोन वर्षांनी कळलं की त्यांनी घरात दुसरी आणली. घटस्फोट आजतागायत झालेला नाही. बेबीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, मधे दोरा तुटला होता तो तिनं स्वतः ओवून घेतला.

आणि फसवणुकीचं म्हणाल तर, बेबीचा आजार आम्ही लपवला नव्हता, तो आम्हालाही दिसला नव्हता. दादाचा लपवला होता. ती पोह्यांची बशी मला अजून आठवते.

नंतर चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेतल्या डॉ. आर. थारा यांचं लिखाण एका एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, कृपेनं हाती आलं. स्कार्फ ही शारदा मेनन यांनी 1984 साली काढलेली, स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था. 2003 साली छापलेल्या त्या कामात त्यांनी 76 बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून लिहिलंय. सगळ्या स्किझोफ्रेनियाच्या, सगळ्यांचे संसार मोडलेले. बहुतेकींना कायदेशीर घटस्फोटही नाही, पोटगीही नाही, म्हाताऱ्या आईबापांकडे राहतात. थारांच्याच आधीच्या कामात दिसलं होतं की आजारी पुरुषांची लग्नं कमी होतात, पण झाली की टिकतात. बायका सोडून जात नाहीत. मी ते वाचून काउंटरवर ठेवलं आणि त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांकडे बघत बसलो. चेन्नईला जायची गरजच नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, घरात अजून कोणी काढत नाही.

1998 साली डॉक्टरांनी बेबीला नव्यानं आलेलं रिस्पेरिडोन दिलं. छान लागू पडलं. लूम थांबले. भांडी घासू लागली, मग भाकऱ्या करू लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाली की बरी." तिसऱ्या महिन्यात आईनं मला दुकानातून घरी बोलावलं, दुपारी, गिऱ्हाईक असताना. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बेबी कोपऱ्यात बसलेली. आईनं बेबीचं पोलकं माझ्यापुढं टाकलं. पुढच्या बाजूला ओले डाग, वाळून कडक झालेले. "दूध येतंय," आई म्हणाली, "आणि तीन महिने बाहेर बसली नाही." मग आवाज खाली घेऊन, "कोण ते विचार तिला. मला सांगत नाही."

वर्षभरात उंबऱ्याबाहेर न पडलेली बाई. आणि खरं सांगायचं तर घरात पुरुष तीन, आबा, दादा आणि मी. आईच्या डोळ्यांत काय आलं असेल ते मी त्या वेळी कळून घेतलं नाही, आजही घेत नाही. बेबी नुसती म्हणत होती, "भाऊ, पोरगा रडत असंल तिकडं. म्हणून येतंय."

मी औषधवाला. रिस्पेरिडोननं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी थांबते, स्तनातून दूध येतं, हे खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी ते कागद रोज खोक्यातून काढून टाकत होतो. तिच्या डॉक्टरांनी पाळीचं कधी विचारलं नव्हतं. आईनं सांगितलं नव्हतं, कारण परक्या पुरुषाला ते सांगायचं नसतं. मी विचारलं नव्हतं, कारण भावानं विचारायचं नसतं. तीन माणसं तिच्या औषधावर नजर ठेवून होती आणि तीन महिने एकालाही कळलं नाही. रक्त तपासायला पुण्याला पाठवलं, प्रोलॅक्टिन भरमसाट वाढलेलं निघालं. गोळी बदलली, काही महिन्यांत पाळी आली. आईनं देवापुढं साखर ठेवली. बेबीला कुणी सॉरी म्हणालं नाही. आमच्यात तसं म्हणत नाहीत, पण त्या वेळी म्हणायला हवं होतं.

तेव्हापासून अशा गोळ्या बाईच्या नावानं असल्या की न्यायला आलेल्या बापाला मी विचारतो, "घरात बाईमाणूस कोण आहे? त्यांना म्हणावं पाळीकडे लक्ष ठेवा, चुकली तर डॉक्टरांना सांगा, घाबरू नका." काही बाप रागावतात. एकानं दुकान बदललं. बदलू दे.

तर दोघांनाही ओलान्झापिन सुरू झालं. बेबीला 10 मिलिग्रॅम पुरायचं, दादाला 20 लागायचं. मला वाटायचं, दादाचा आजारच दांडगा. मग 2009ला दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, बारा दिवस दवाखान्यात, बिडी बंद. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दादा दिवसभर पेंगायला लागला, तोंडातून लाळ. डॉक्टर हसले. म्हणाले, बिडीच्या धुरानं लिव्हरचं एक एन्झाइम जोरात चालतं आणि ही गोळी भराभर जाळून टाकतं. बिडी थांबली, गोळी तेवढीच, म्हणून अंगावर आली. म्हणजे दादाच्या वीसातला बराच भाग रोजच्या दोन बंडल बिड्यांना जात होता. पुरुषाला डोस जास्त लागतो यातलं खरोखरच पुरुषाचं किती आणि बिडीचं किती, ते वेगळं काढायला असे बारा दिवस लागतात.

बेबीचे सतरा-अठरा वर्षं बरे गेले. दादापेक्षा नक्कीच बरे. पण "बरे" कोण ठरवत होतं? डॉक्टर दादाबद्दल विचारायचे, काही कामधंदा करतो का? आई म्हणायची, नाही. बेबीबद्दल विचारायचे, घरात काम करते का? आई म्हणायची, सगळं करते. झालं, लिहिलं कागदावर. ती भाकरी थापताना प्रत्येक थापेला पुटपुटत काय मोजते ते कोणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं. म्हणाली, "पोराचं वय."

2016 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोळ्या एकही न चुकवता बेबी पुन्हा बिघडली. गोळ्या मीच देत होतो, त्यामुळं चुकल्या नाहीत हे छातीवर हात ठेवून सांगतो. रात्री उठून माळ्यावर लूम शोधायला जायची. या वेळी मी वहिनीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, बेबीची पाळी कधीपासून मागंपुढं होतेय ते विचारून घेतलं आणि डॉक्टरांपुढं ठेवलं. डॉक्टर नवे होते, तरुण बाई. त्यांनी मान हलवली आणि डोस 15 केला. मी वाचलेलं होतं, त्यामुळं विचारलं, मॅडम, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जयश्री कुलकर्णी म्हणून आहेत, त्या अशा बायकांना औषधाच्या जोडीला इस्ट्राडिओलची पट्टी लावून बघतात. 2008 साली 102 बायकांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात फायदा दिसला होता. (आडनाव वाचून मला उगाच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.) मॅडम म्हणाल्या, माहितीये, पण गुठळ्यांची, स्तनांची काळजी असते, तिची शुगर आणि वजन बघता आत्ता नको. मला पटलं. विचारल्याचं मात्र बरं वाटलं. 1998ला कोणी इतकं बोलणारं असतं तर.

गेल्या मार्गशीर्षात भाचा आला. तीस वर्षांचा झालाय, पुण्यात नोकरी करतो, लग्न ठरतंय. आईला भेटला, साडी दिली, तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि मुद्द्याचं बोलला. "मामा, मला होईल का?"

मी सांगितलं, सर्वसाधारण माणसांत शंभरात एकाच्या आतबाहेर, आई किंवा वडील आजारी असले तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वदांना नाही. आणि तू मुलगा आहेस, तिशी आली, तुझी धोक्याची वर्षं बरीचशी मागं पडली. त्याचा चेहरा सैल झाला. चहा मागवला.

माझी मुलगी मागं स्टॉक लावत होती, सव्वीस वर्षांची. खोकं खाली ठेवून म्हणाली, "आणि मी?"

काय सांगणार? पुतणीला, भाचीला धोका त्याहून बराच कमी, हे सांगितलं. पण जो हिशेब त्याला लावून मोकळा झालो तोच तिला लावला तर तिची वर्षं अजून सरलेली नाहीत. तिनं ते माझ्याआधी मोजलं होतं. म्हणाली, "पुढच्या रविवारी साताऱ्याची माणसं येणारेत. मोठे काका ओट्यावरच बसतील. त्यांना विट्याला धाडायचं नाही. विचारलं तर मी सांगेन."

माणसं आली. दादा ओट्यावर बसला होता, बिडी पेटलेली. मुलाच्या वडिलांनी नमस्कार केला, दादानं उलट नमस्कार केला, मग काडेपेटी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. दोन आठवडे झाले, अजून निरोप नाही.

दादा आता चौसष्टचा, बेबी छपन्नची. खोकल्यानं दादाच्या बिड्या दिवसाला चारपाचवर आल्या आणि डॉक्टरांनी त्याचा डोस हळूहळू 15 वर आणला. पूर्वीपेक्षा तो थोडा बोलतोही. म्हणजे आज दोघांच्या डब्यात रात्रीची गोळी एकच, एकाच कंपनीची, एकाच रंगाची.

परवा रात्री साडेनऊला बेबीचा दुकानात फोन आला, आवाज कापत होता. तिनं चुकून दादाच्या डब्यातली गोळी घेतली होती. मी म्हटलं, असू दे गं, दोन्ही सारख्याच आहेत.

"सारख्या कशा?" ती म्हणाली. "त्याचा डबा निळा आहे."